मातीशेजारची गादी

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं, की उरुळी कांचन मागे पडतं आणि यवतच्या अलीकडे कासुर्डी येते. या दौंड-शिरूर पट्ट्यात यात्रेचा आखाडा म्हणजे लाल माती, हलगी, रेवड्यांवर झुंजणारी पोरं आणि दिवस कलताना लागणारी इनामाची कुस्ती. पण इथलाच पैलवान महाराष्ट्र केसरीला उतरायचा म्हटला, की पहिला प्रश्न येतो: माती का गादी?

ही गादी, म्हणजे मॅट, आपल्या तालमीत जन्मलेली नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना ती 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये भेटली. अनवाणी पाय मातीत रोवून लढणाऱ्याला बूट घालून गादीवर उभं राहायचं होतं, आणि पाठ न टेकताही गुणांवर कुस्ती जाते हे शिकायचं होतं. तरी ते सहावे आले.

1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. सरकारी मदतीच्या कथा आपण फार ऐकतो. ही गहाणखताची आहे.

हेलसिंकीची गादी मात्र नुसती कुस्तीची नव्हती. युद्धात हरलेल्या जपान आणि जर्मनीला लंडनला बोलावलंच नव्हतं. ते आता परतले होते. सोव्हिएत संघ तर पहिल्यांदाच ऑलिंपिकला आला होता. भारताने सॅन फ्रान्सिस्कोच्या शांतता परिषदेला न जाता जपानशी वेगळा तह केला, तो 9 जून 1952ला. त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता, तोच खाशाबांसमोर जपानचा शोहाची इशी उभा राहिला. दीर्घ झुंजीनंतर इशी गुणांवर जिंकला. लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला खाशाबांना बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगतात. दमलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले. त्यांचं नाव आज तालमीबाहेर कोण घेतं?

खाशाबा परतल्यावर कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गादीला मात्र असं वाजतगाजत कोणी आणलं नाही. ती हळूहळू शिरली. 1953 साली मामासाहेब मोहोळांनी राज्य कुस्तीगीर परिषद स्थापली, 1961पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. पुढे तोडगा निघाला तो अगदी मराठी: दोन भावांना वाटणी. माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा, आणि दोघांच्या विजेत्यांत महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी अखेरची कुस्ती. ऑलिंपिकला गादीच लागते, म्हणून माती मोडीत काढा असं म्हणणारे होते. ते हरले याचा मला आनंद आहे, कारण यात्रेचा खर्च आणि पोरांची पहिली धूळ अजून मातीच सोसते.

जानेवारी 2023मध्ये पुण्यात याच अखेरच्या कुस्तीत गादीकडून शिवराज राक्षे आणि मातीकडून महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. गादीवाल्याने मातीवाल्याला मिनिटाच्या आत चितपट केलं. गुण मोजायची वेळच आली नाही.