निनावी चिठ्ठी

रायगडच्या किनाऱ्यावरील एका महाविद्यालयात विज्ञानदिनाच्या व्याख्यानासाठी आम्ही गेलो होतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी सारे गप्प बसले. निघताना मात्र एक घडी घातलेली चिठ्ठी हाती आली. खाली नाव नव्हते. रात्र-रात्र झोप लागत नाही, छातीत धडधडते. मोबाइलवर शोधले तर चार ठिकाणी चार आजार सांगितले. खरे कोणते मानायचे?

हा डॉक्टरकडे का गेला नाही, असे शहरातला माणूस विचारील. लहान गावात दवाखान्याच्या बाकावर कोण बसले होते ते संध्याकाळपर्यंत घरी कळते. पण असा आडोसा शोधण्याची रीत इंटरनेटच्या पुष्कळ आधीची आहे, आणि तिचा इतिहास मराठीतही आहे.

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते त्यात उत्तरे देत. हस्तमैथुनाने शरीर खंगते, वेड लागते, ही भीती त्या काळी तरुणांच्या मनात घर करून होती. म्हणजे त्रास शरीराचा कमी, मनाचाच अधिक. घरी विचारायची सोय नव्हती. ती पोस्टाच्या पाकिटाने झाली. या उत्तरांपायीच १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक शंका विचारतात तर त्यांना उत्तर देऊ नये काय, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र १९५३ पर्यंत, म्हणजे ते वारले त्या वर्षापर्यंत, निघत राहिले. (त्या वकिलाच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ याच जिल्ह्यात लोणेरे येथे आहे, हा योगायोग आम्हाला मोलाचा वाटतो.)

पुढे पाकिटाची जागा संगणकाने घेतली. अमेरिकेत एम.आय.टी.मधील जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली 'एलिझा' ही आज्ञावली प्रसिद्ध केली. ती मनोविकारतज्ज्ञाची नक्कल करी. 'मी दुःखी आहे' म्हटले, की आपलेच शब्द उलटवून प्रश्न विचारी. तिला समजत काहीच नव्हते. तरीही तिच्याशी बोलू लागलेल्या त्यांच्या सचिव बाईंनी थोड्याच वेळात खुद्द वायझेनबॉमना खोलीबाहेर जायला सांगितले! आडोसा मिळाला की माणूस बोलतो, पलीकडे ऐकणारा नसला तरी.

कॉर्नेल विद्यापीठात १९८६ पासून विद्यार्थी नाव न सांगता संगणकावरून 'अंकल एझ्रा'ला प्रश्न विचारू लागले. उत्तर सर्वांना वाचता येई; एकाने विचारावे आणि अनेकांना हायसे वाटावे. पण येथे उत्तर देणारी माणसे होती.

भारतात इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांना मिळू लागले. आता मोबाइलवर एलिझाचे वंशज आणि एझ्राचे वंशज शेजारी-शेजारी बसलेले असतात, आणि रात्री दोन वाजता मुलाला त्यांतला फरक दिसत नाही. २०२२ साली केंद्र सरकारने 'टेली-मानस' सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही, पैसे न पडता, समुपदेशकाशी बोलता येते.

चिठ्ठीला उत्तर पाठवायला पत्ता नव्हता. म्हणून तो क्रमांक फलकावर लावण्याची विनंती आम्ही तेथील शिक्षकांना केली. त्याखाली लिहून दिले, की धडधड आणि निद्रानाश यांची कारणे थायरॉइडच्या विकारापासून चिंतेपर्यंत अनेक असतात. तपासल्यावाचून त्यांतले एकही नक्की सांगता येत नाही. चिठ्ठी कोणाची, हे आम्ही विचारले नाही.