बंगळूरचा कोट : शेवटचे सोळा दिवस, शेवटचा तास

बंगळूरच्या कोटाला २६ बुरूज होते. केंपेगौडाने १५३७ मध्ये मातीचा कोट घातला. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने तो घेतल्यावर शहाजीराजांनी इथूनच आपल्या जहागिरीचा कारभार पाहिला. १७६१ मध्ये हैदरअलीने दगडी बांधकाम करून तो भक्कम केला. मैलभराचा घेर, रुंद खंदक, मुख्य तटापुढे पडकोट, उत्तरेला दिल्ली दरवाजा आणि दक्षिणेला म्हैसूर दरवाजा. एवढा बंदोबस्त असलेला कोट पडला कसा?

५ मार्च १७९१ : उरले १६ दिवस
इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज कोलार आणि होसकोटे घेऊन बंगळूरसमोर येते. आज जुना मद्रास रस्ता होसकोटेहून के. आर. पुरमवरून शहरात शिरतो, त्याच पूर्वेच्या बाजूने हे संकट आले. हैदरअलीचा मुलगा टिपू सुलतान याच्याविरुद्धच्या या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने आहेत, पण त्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन अजून धारवाडच्या वेढ्यात अडकले आहेत.

७ मार्च : उरले १४ दिवस
कोटाबाहेरच्या पेठेवर हल्ला होतो. काटेरी झाडांचे दाट कुंपण आणि वेस ओलांडून इंग्रज आत घुसतात. लेफ्टनंट कर्नल मूरहाउस मारला जातो. पेठ परत घेण्याचा टिपूचा प्रयत्न गल्लीगल्लीतल्या झुंजीनंतर फसतो. आता वेढ्याच्या तोफांना पेठेच्या घरांचा आडोसा मिळतो.

पुढचे दोन आठवडे
दिल्ली दरवाज्याजवळच्या तटावर तोफांचा मारा सुरू राहतो. वेढा घालणारेही सुखात नाहीत. चारा संपला आहे, बैल मरत आहेत आणि पाठीमागे टिपूची अख्खी फौज मोकळी फिरते आहे. तरी तटाला खिंडार पडते आणि ते रोज रुंदावत जाते.

२१ मार्च, दिवसा
टिपू नैर्ऋत्येच्या उंचवट्यावर फौज उभी करतो आणि एका जुन्या बांधावर जड तोफा आणवतो. तिथून मारा झाला, तर इंग्रजांचे खंदक आणि मोर्चे एका रेषेत भाजून निघतील. कॉर्नवॉलिस चालून जाण्याचा देखावा करतो आणि तोफा मागे घेतल्या जातात.

संध्याकाळ
त्याच तोफा पुन्हा बांधाकडे येताना दिसतात. उद्यापर्यंत थांबण्यात धोका आहे हे कॉर्नवॉलिस ओळखतो. हल्ला आज रात्रीच करायचा, असे ठरते. टिपूलाही त्याचा अंदाज आहे. तो किल्लेदार बहादूर खानांना सावध करतो आणि अंधार पडताच सैन्य कोटाच्या जवळ आणून तयारीत ठेवतो.

रात्री ११
पौर्णिमा नुकतीच होऊन गेली आहे, लख्ख चांदणे आहे. रांगेतून कुजबुज पुढे सरकते, हीच निघण्याची खूण. शिड्या जवळजवळ लागेपर्यंत आतून ओरड होत नाही. मग खिंडारात जुंपते. सत्तरीच्या घरातले बहादूर खान क्षणात तिथे हजर होतात आणि त्यांच्याभोवती शिबंदी टिच्चून लढते.

पण बाजूला तोफांनी खिळखिळी झालेली एक अरुंद भिंत उरली आहे. तिच्यावरून जेमतेम पाय ठेवत काही शिपाई तटावर पोचतात. ते लगेच तुटून पडत नाहीत, आणखी माणसे वर येईपर्यंत थांबतात. पुरेसे जमल्यावर संगिनी रोखून खिंडार राखणाऱ्यांच्या कुशीत घुसतात.

सुमारे मध्यरात्र
बहादूर खान पडतात आणि प्रतिकार मोडतो. इंग्रजांच्या तुकड्या डावी-उजवीकडे तटावरून धावत बुरूजामागून बुरूज घेतात. टिपूची कुमक येते, पण तिला मागे रेटले जाते. कोट गेला. हजाराहून अधिक रक्षक कामी आले.

दुसऱ्या दिवशी
कॉर्नवॉलिस किल्लेदाराचे पार्थिव देऊ करतो. ते जिथे पडले तिथेच, बंगळुरात मुसलमानांच्या हातून त्यांचे दफन व्हावे, असे टिपू कळवतो.

बुरूज बाहेरून येणाऱ्याला टिपण्यासाठी असतो. शत्रू एकदा तटावर चढला, की एकेक बुरूज एकटा पडतो. २६ बुरूज असूनही कोट एका खिंडारापाशी हरला तो यामुळे. बहादूर खान आणि त्यांची माणसे मात्र जागचे हलले नाहीत.

आज के. आर. मार्केटसमोर दिल्ली दरवाजा आणि थोडा तट शिल्लक आहे. इथल्या खिंडारातून इंग्रजांनी हल्ला चढवला, असे सांगणारी पाटी तिथे आहे. मार्केटजवळचा एक दर्गा किल्लेदाराचा मानतात. के. आर. पुरमहून मेट्रोने बाजारात जाणाऱ्यांनी पाटी जरूर वाचावी आणि कोट राखताना मेलेल्यांनाही तिथे मान द्यावा.