आरजीबी पंखे : रोषणाईचे नियंत्रण

संगणकाच्या कॅबिनेटमध्ये हवा खेळती ठेवणाऱ्या, आणि पात्यांच्या कडेने किंवा मध्यावर रंगीत एलईडी बसवलेल्या पंख्यांना आरजीबी पंखे म्हणतात. आरजीबी ही लाल, हिरवा व निळा या रंगांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे. पंखा बहुधा १२० मिलिमीटरचा असतो. उजळ निळा एलईडी १९९० च्या दशकात हाती आला, म्हणून हे तीन रंग एका दिव्यात मावू लागले; त्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. तो शोध पुढे पोराटोरांच्या कॅबिनेटमध्ये फिरेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसावे.

या नोंदीत पंख्याच्या हवेचा विचार नाही, एका अडचणीचा आहे. मदरबोर्ड एका कंपनीचा, पंखे दुसरीचे, रॅम तिसरीची, कॅबिनेटबरोबर आलेला हब (अनेक पंख्यांच्या तारा एकत्र जोडणारा डबा) चौथीचा. आणि मालकाची इच्छा एवढीच की सगळे दिवे एका रंगात, एका तालात लागावेत. पुण्यात असेंबल करून घेतलेल्या पीसीत ही अडचण ठरलेलीच असते. पंखे या महिन्यात, रॅम पुढच्या महिन्यात, काही ऑनलाइन, काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, असा संसार जमवला की सगळे एकाच घराण्यातले मिळणे अवघडच.

पण पुण्याचा या विषयाशी दुसराही संबंध आहे, आणि तो अधिक कामाचा आहे. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली विजेच्या सामानाची, पासोड्या विठोबाचा परिसर इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा. गणेशोत्सवाच्या आधी इथे ‘पिक्सेल एलईडी’च्या माळा विकल्या जातात. मंडपाच्या कमानीवर मोर पिसारा फुलवतो, चक्र फिरते, ते याच माळांनी. त्या माळेतली चिप सहसा डब्ल्यूएस २८११ असते; महागड्या पंख्यातली चिप तिच्याच कुळातली, डब्ल्यूएस २८१२बी किंवा तिची नक्कल. दोघींची भाषा एकच. म्हणजे कमानीवर मोर नाचवणारा लाइटवाला आणि कॅबिनेटपुढे डोके धरून बसलेला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी एकाच तारेवर काम करतात. पहिल्याचे काम होते आणि दुसऱ्याचे अडते, याचे कारण तारेत नाही.

बहुतेक पंख्यांतून दोन वेगळ्या तारा निघतात, हे आधी समजून घ्यावे. एक मोटरची : १२ व्होल्ट, चार पिना, त्यातल्या एकीवरून वेग कळतो आणि एकीवरून वेगाची आज्ञा जाते. दुसरी दिव्यांची. मोटरच्या तारेत बहुतेक कंपन्यांचे एकमत आहे, असा पंखा कोणत्याही बोर्डावर फिरतो. भांडण सगळे दुसऱ्या तारेच्या टोकांना.

दिव्यांच्या तारेचेही दोन प्रकार. जुना प्रकार १२ व्होल्टचा, चार पिनांचा : एक पिन विजेची, बाकी तीन तीन रंगांच्या. यात पंख्यातले सगळे दिवे एका वेळी एकाच रंगाचे असतात. नवा प्रकार ५ व्होल्टचा, तीन पिनांचा : वीज, डेटा आणि ग्राउंड. याला ॲड्रेसेबल आरजीबी, बाजारात ‘एआरजीबी’, म्हणतात. इथे प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येतो, म्हणून इंद्रधनुष्य गोल फिरते.

भिंगाखाली हा दिवा पाहण्यासारखा असतो. पाच मिलिमीटरचा पांढरा चौकोन, मधल्या गोल खळग्यात तीन बारीक ठिपके आणि त्यांच्या शेजारी एक काळपट चिप, केसाहून बारीक तारांनी जोडलेली. ही चिप म्हणजे दिव्याची अक्कल. तारेवरून सेकंदाला आठ लाख बिट येतात. प्रत्येक दिवा आपले २४ बिट, म्हणजे तीन रंगांचे आठ-आठ, काढून घेतो आणि उरलेले पुढे सोडतो. पंगतीत पत्रावळींचा गठ्ठा फिरतो, ज्याने त्याने वरची एक घ्यायची आणि बाकीचा गठ्ठा शेजाऱ्याकडे द्यायचा, तसेच हे. एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद लागतात; आठ-आठ दिव्यांचे चार पंखे एका मिलिसेकंदाच्या आत रंगून होतात. दिव्याला पत्ता असा नसतोच, रांगेतली जागा हाच पत्ता.

या एका गोष्टीतून बहुतेक तक्रारींचा उलगडा होतो. पंखे स्प्लिटरवर, म्हणजे एका तारेच्या चार करणाऱ्या जोडावर, लावले तर चौघांनाही एकच गठ्ठा मिळतो, म्हणून चौघे हुबेहूब एकच नक्षी दाखवतात. रंगाची लाट एका पंख्यातून दुसऱ्यात वाहत न्यायची असेल तर पंखे एकामागून एक साखळीत हवेत. साखळीतला एक दिवा मेला की पुढचे सगळे गप्प, कारण गठ्ठा तिथेच अडतो. (डब्ल्यूएस २८१३ या चिपेत यासाठी डेटाची दुसरी राखीव तार ठेवलेली आहे.) दिव्याकडून बोर्डाकडे उलटा निरोप जात नाही, म्हणून तारेच्या टोकाला किती दिवे आहेत ते बोर्डाला कळत नाही, सॉफ्टवेअरमध्ये आकडा आपण भरावा लागतो. कमी भरला तर शेवटचा पंखा काळोखात राहतो. लाल मागितला आणि हिरवा आला तर पंखा बिघडलेला नसतो : पंख्यांतल्या या चिपा आधी हिरवा, मग लाल, मग निळा असे वाचतात, आणि समोरच्याने क्रम चुकीचा धरलेला असतो.

तारेतली भाषा अशी एक असताना कंपन्यांनी वेगळेपण आणले ते टोकांना. मदरबोर्डावरच्या हेडरांची, म्हणजे ही तार जिथे खोचायची त्या पिनांची, नावे तरी पाहावीत. आसुस त्याला ‘ॲड हेडर’ किंवा ‘ॲड जेन २’ म्हणते, एमएसआय ‘जे रेनबो’, गिगाबाइट ‘डी-एलईडी’, एएसरॉक ‘ॲड्रेस एलईडी’. नावे निराळी, पिना त्याच. गिगाबाइटच्या काही जुन्या बोर्डांवर मात्र तीन पिना सलग होत्या, मध्ये रिकामी जागा नव्हती, त्यासाठी जोडतुकडा लागतो. पंखेवाल्यांनी याहून जास्त केले. कोर्सेअरने आपल्या पंख्यांना स्वतःचा चार पिनांचा प्लग दिला, जो फक्त त्यांच्या हबात जातो. पुढे २०२३ मध्ये ‘आयक्यू लिंक’ ही आणखी वेगळी पद्धत आणली. त्यांच्या जुन्या सहा तोंडांच्या हबात पंखे पहिल्या तोंडापासून ओळीने लावावे लागतात, मध्ये एक तोंड रिकामे राहिले की पुढचे पंखे अंधारात. कारण वर सांगितलेलेच, हबाच्या पोटात साखळी आहे. लियान लीचे एकमेकांत अडकणारे ‘युनि फॅन’ त्यांच्या नियंत्रकावर आणि ‘एल-कनेक्ट’ सॉफ्टवेअरवर चालतात, एनझेडएक्सटीचे ‘कॅम’वर. स्वस्त कॅबिनेटबरोबर येणारे सहा पिनांचे पंखे तर कुणाच्याच पंगतीत बसत नाहीत : मोटर आणि दिवे एकाच प्लगात, सोबत हब आणि छोटा रिमोट. त्या हबावर मदरबोर्डासाठी तीन पिनांचे तोंड असेल तर नशीब. नसेल तर रिमोटवरच समाधान मानावे किंवा पंखे बदलावेत.

विजेचा हिशेबही करावा लागतो. मूळ पिढीतला दिवा पूर्ण पांढरा लागला तर ६० मिलिअँपिअर घेतो, प्रत्येक रंगाचे वीस. मदरबोर्डावरच्या ५ व्होल्टच्या हेडरला सहसा ३ अँपिअरपर्यंत झेपते. म्हणजे पांढऱ्या उजेडात पन्नास दिव्यांची मर्यादा. कोर्सेअरच्या ‘क्यूएल १२०’ या एका पंख्यातच ३४ दिवे आहेत. असे तीन पंखे म्हटले की वीज थेट एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याकडून, सॅटाच्या तारेवरून घेणारा हब हवाच. बोर्डाकडून मग फक्त डेटा घ्यायचा.

सॉफ्टवेअरची बाजू सर्वांत गुंतागुंतीची, आणि खरे सांगायचे तर सर्वांत वाईट. मदरबोर्डवाल्यांची चार घराणी : आसुसचे ‘ऑरा सिंक’, एमएसआयचे ‘मिस्टिक लाइट’, गिगाबाइटचे ‘आरजीबी फ्यूजन’, एएसरॉकचे ‘पॉलिक्रोम’. पंखे-कीबोर्डवाल्यांची आणखी तितकीच. प्रत्येकाला वाटते की संगणकात आपणच एकटे आहोत. दोन प्रोग्रॅम एकाच रॅमच्या दिव्यांना एकाच वेळी आज्ञा देऊ लागले की रंग लुकलुकतात, अडकतात, नाहीतर रॅमची एक पट्टी निळी आणि दुसरी लाल राहते. एकच नियंत्रक ठेवावा, बाकीचे नुसते बंद न करता काढूनच टाकावेत.

काढून टाकण्यामागे दुसरेही कारण आहे. रॅमच्या दिव्यांपर्यंत पोचायला हे प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर बसवतात. डिसेंबर २०१८ मध्ये ऑरा सिंकबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरांतल्या, आणि गिगाबाइटच्या काही सॉफ्टवेअरांच्या ड्रायव्हरांतल्या सुरक्षेच्या त्रुटी जाहीर झाल्या. गिगाबाइटचा तोच जुना ड्रायव्हर वापरून ‘रॉबिनहूड’ नावाचे खंडणीखोर सॉफ्टवेअर अँटिव्हायरस बंद पाडते, हे सोफोस कंपनीने फेब्रुवारी २०२० मध्ये दाखवून दिले. अनेक रोषणाई-प्रोग्रॅम ज्यावर उभे होते त्या ‘विनरिंग-झिरो’ ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर मार्च २०२५ मध्ये अडवू लागला. दिव्यांच्या हौसेपायी घराची चावी कुणाच्या हाती देतो आहोत, हे तपासलेले बरे.

सर्व कंपन्यांना एका छत्राखाली आणणारे प्रयत्न तीन. ‘ओपनआरजीबी’ हा ॲडम होन्स यांनी सुरू केलेला मुक्त स्रोत प्रकल्प. विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालतो, फुकट आहे, खाते उघडावे लागत नाही. त्याचा जाळ्यावरचा पोर्ट ६७४२. जुन्या मोबाइलच्या बटनांवर ‘ओआरजीबी’ ही अक्षरे याच आकड्यांवर येतात. ‘सिग्नलआरजीबी’ फक्त विंडोजवर चालते, दिसायला देखणे. पडद्यासारख्या एका पटावर आपले पंखे मांडायचे आणि पटावरची नक्षी त्यांच्यावरून वाहू द्यायची. त्यातल्या काही सोयी पैसे भरून मिळतात. तिसरे, विंडोज ११ मध्ये सप्टेंबर २०२३ पासून आलेले ‘डायनॅमिक लायटिंग’. ते यूएसबी उपकरणांच्या एका सामाईक मानकावर चालते, वेगळा ड्रायव्हर लागत नाही, म्हणून रस्ता हाच योग्य. पण आरंभी त्याचा फायदा मुख्यतः कीबोर्ड आणि माऊस यांनाच झाला. पंखा या मानकात येत नाही, येतो तो त्याचा नियंत्रक. म्हणून पंखे घेताना पंख्याचा खोका वाचून भागत नाही, हबाचे नाव विचारावे.

चौथा रस्ता बुधवार पेठेतला. ईएसपी ३२ हे वायफाय असलेले छोटे सर्किट घ्यायचे आणि त्यात ‘डब्ल्यूएलईडी’ हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर भरायचे. वीज एसएमपीएसच्या मोलेक्स तारेतून घ्यायची : तिच्यातली लाल तार ५ व्होल्टची, काळी ग्राउंडची. पिवळी १२ ची, तिला हात लावायचा नाही. ईएसपीचा संकेत ३.३ व्होल्टचा असतो आणि दिव्यांना ५ चा हवा असतो, त्यामुळे पंखे कधीकधी उगाच लुकलुकतात. ७४एचसीटी१२५ ही साधी आयसी मध्ये घातली की थांबतात. मग मोबाइलवरून दिव्यांची संख्या, रंगांचा क्रम आणि विजेची कमाल मर्यादा भरायची. कुठलीही कंपनी नाही, विंडोजमध्ये ड्रायव्हर नाही, आणि सुरुवातीचा रंग एकदा साठवून ठेवला की संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी रंग तोच. ओपनआरजीबी या सर्किटाशी ई १.३१ या भाषेत बोलू शकते, जी मुळात नाटकाच्या रंगमंचावरच्या दिव्यांसाठी बनली. मात्र हा मार्ग प्रमाणित तीन पिनांच्या पंख्यांचा. कोर्सेअरच्या जुन्या प्लगासाठी जोडतार मिळते किंवा बनवता येते. आयक्यू लिंकपुढे हा उपाय चालत नाही.

जोडण्यापूर्वी एक गोष्ट डोळ्यांनी पाहावी. तीन पिनांच्या एआरजीबी हेडरात चार जागा असतात आणि एक पिन नसते. १२ व्होल्टच्या हेडरात चारही पिना असतात. एआरजीबी प्लगातले नसलेल्या पिनेचे भोक बुजवलेले असेल तर तो चुकीच्या हेडरात जात नाही. काही स्वस्त प्लगांत ते उघडेच असते, आणि प्लग चुकीच्या हेडरातही अलगद बसतो. बोर्डावर हेडराशेजारी ५व्ही किंवा १२व्ही छापलेले असते, अक्षर बारीक असते, मोबाइलचा टॉर्च लावून वाचावे. ५ व्होल्टच्या दिव्यांवर १२ व्होल्ट गेले की ते जळतात आणि दुरुस्त होत नाहीत. मोटरची तार वेगळी असल्याने पंखा मात्र फिरत राहतो.