संमतिवयाचा वाद आणि मॅकिन्टायर

ॲलॅस्डर मॅकिन्टायर (1929–2025) यांचा ‘आफ्टर व्हर्च्यू’ 1981 मध्ये प्रसिद्ध झाला. आधुनिक नैतिक वाद मिटत नाहीत, कारण दोन्ही पक्षांची गृहीतके एका मापाने मोजताच येत नाहीत, असे त्यात प्रतिपादन आहे. 1988 च्या ग्रंथात ते आणखी पुढे जातात: सर्व परंपरांबाहेर उभे राहून निवाडा देऊ पाहणारा उदारमतवादही अखेर एक परंपराच ठरतो. हे वाचताना आम्हांला आपले संमतिवयाचे प्रकरण आठवते.

कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची फुलमणी पतीच्या संभोगामुळे मरण पावली. तिचे वय दहाच्या वर असल्याने 1890 च्या खटल्यात पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही. संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा मार्च 1891 मध्ये झाला, आणि त्याआधी पुण्यात रण माजले. आगरकरांची भाषा मिल्ल-स्पेन्सर यांच्याकडून आलेली: व्यक्तीचे हित, विवेक, दुःखनिवारण. टिळकांचा आक्षेप दुहेरी होता. गर्भाधानाचे शास्त्रोक्त कर्तव्य मोडते हा एक. परक्या सरकारला आमच्या धर्मात हात घालण्याचा अधिकार कोणी दिला, हा दुसरा. (सुधारकांनी आधी स्वतःला बांधून घ्यावे, हा त्यांचा टोमणा अगदीच पोकळ नव्हता.) ‘हित’ आणि ‘कर्तव्य’ यांना तोलणारा तराजू दोघांकडेही नव्हता.

इथवर मॅकिन्टायर बरोबर वाटतात. पण मग रा. गो. भांडारकरांचे काय? त्यांनी मिल्लचा आधार घेतला नाही. धर्मशास्त्राचेच ग्रंथ उलगडून त्यांनी गर्भाधान लांबवता येते असे दाखवले. टिळकांना त्यांच्याशी वचनावर वचन ठेवून भांडावे लागले. परंपरा आतून बदलू शकते, हे मॅकिन्टायरांनीच मांडलेले आहे. आमच्या वर्गात मात्र ‘असमेय’ हा शब्द ऐकला की विद्यार्थी चर्चा संपली असे समजतात. तो आळस आम्हांला मान्य नाही.

एक अस्वस्थता तरीही उरते. आगरकर, टिळक, भांडारकर हे तिघेही पुरुष, तिघेही विद्वान. 1885 मध्ये रखमाबाईंनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा टोपणनावाने इंग्रजीत पत्रे लिहिली, तेव्हा त्या कोणत्या परंपरेतून बोलत होत्या? शास्त्राने त्यांना बोलण्याची जागा दिली नव्हती, आणि 1887 मध्ये इंग्रजी न्यायालयानेही पतीकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असेच सांगितले.