लाल, पांढरा, काळा : सीलँडच्या ध्वजाची कथा

२ सप्टेंबर १९६७. इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यापासून सुमारे बारा किलोमीटर दूर, उत्तर समुद्रात उभ्या असलेल्या एका बेवारस लष्करी मनोऱ्यावर एका कुटुंबाने नवा ध्वज फडकवला. कुटुंबप्रमुख पॅडी रॉय बेट्स हे ब्रिटिश सैन्यातील निवृत्त मेजर. त्या दिवशी त्यांची पत्नी जोन यांचा वाढदिवस होता. रॉय यांनी तिला भेट म्हणून ‘राजकन्या’ हा किताब दिला आणि किताबाला आधार हवा म्हणून एक राज्यही जाहीर केले : प्रिन्सिपॅलिटी ऑफ सीलँड.

ध्वजाची रचना अगदी साधी आहे. काठीकडच्या खालच्या कोपऱ्यातून निघून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा एक तिरपा पांढरा पट्टा. त्याच्या वर, काठीच्या बाजूला लाल त्रिकोण. खाली, फडकत्या बाजूला काळा त्रिकोण. चिन्ह नाही, अक्षर नाही. दुरून, पावसात, धुक्यातही ओळखू यावा असा. समुद्रावरच्या ध्वजाकडून मुळात हीच अपेक्षा असते.

खरी गंमत रंगांच्या अर्थात आहे. बहुतेक देश लाल रंगात हुतात्म्यांचे रक्त पाहतात, पांढऱ्यात शांती. सीलँडच्या ध्वजाचा जो अर्थ सांगितला जातो त्यात लाल म्हणजे स्वतः रॉय बेट्स, काळा म्हणजे त्यांचे पायरेट रेडिओचे दिवस आणि पांढरा म्हणजे शुद्धता. ध्वजाचा एक संपूर्ण रंग एका जिवंत माणसाला आणि दुसरा त्याच्या जुन्या व्यवसायाला दिलेला! राष्ट्रध्वजापेक्षा हे आत्मचरित्र अधिक वाटते. आणि ते समजून घ्यायचे तर काळ्या रंगापासूनच सुरुवात करावी लागते.

१९६०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये रेडिओ प्रसारणाचा परवाना एकट्या बीबीसीकडे होता आणि तरुणांना हवे असलेले पॉप संगीत तिच्यावर फारच थोडे वाजे. १९६४ मध्ये ‘रेडिओ कॅरोलाइन’ने यावर उपाय काढला : जहाज घ्यायचे, ते ब्रिटनच्या सागरी हद्दीबाहेर नांगरायचे आणि तिथून गाणी वाजवायची. ती हद्द तेव्हा किनाऱ्यापासून अवघी तीन सागरी मैल होती. त्यापलीकडे ब्रिटिश परवान्याचा कायदा पोहोचत नसे.

जहाजापेक्षा स्वस्त जागाही समुद्रात तयार होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांना आणि सुरुंग पेरणाऱ्यांना रोखण्यासाठी गाय मॉन्सेल या अभियंत्याच्या आराखड्यानुसार ब्रिटनने थेम्स नदीच्या मुखाबाहेर आणि आसपास सागरी मनोरे उभारले होते. मराठी वाचकाला ‘जलदुर्ग’ म्हटले की सिंधुदुर्गाची तटबंदी आठवेल. पण हे दुर्ग खडकावर नव्हते. काँक्रीटचा प्रचंड तराफा किनाऱ्यावर बांधायचा, त्यावर दोन पोकळ दंडगोल उभे करायचे, माथ्यावर तोफांचा मंच बसवायचा, सारे काही समुद्रात ओढत न्यायचे आणि उथळ वाळूवर बुडवून बसवायचे, अशी ती पद्धत होती. सैनिक त्या दंडगोलांच्या आत राहत. युद्ध संपले, १९५०च्या दशकात सैनिक परतले आणि मनोरे गंजत उभे राहिले.

बेट्स यांनी १९६५ मध्ये त्यांपैकी ‘नॉक जॉन’ मनोऱ्यावरून ‘रेडिओ एसेक्स’ सुरू केला. पण नॉक जॉन ब्रिटनच्या हद्दीत मोडतो, असे न्यायालयाने ठरवले. दंड झाला आणि १९६६ च्या अखेरीस केंद्र बंद पडले. बेट्स यांनी सामान उचलले आणि त्याहून दूरच्या ‘रफ्स टॉवर’वर मुक्काम हलवला. तिथे रेडिओ कॅरोलाइनची माणसे आधीच होती. त्यांना हुसकावून लावण्यात आले. हा मनोरा निःसंशय तीन मैलांच्या बाहेर होता.

तेवढ्यात सरकारने डाव उलटवला. ऑगस्ट १९६७ मध्ये सागरी प्रसारणाविरुद्धचा नवा कायदा अमलात आला. जुना कायदा जागा पाहत होता. नवा कायदा माणूस पाहत होता. ब्रिटिश नागरिकाने हद्दीबाहेरून असे प्रसारण करणे, त्याला माल पुरवणे, त्याला जाहिराती देणे हे सारे आता गुन्हा ठरले. किनाऱ्यापासून कितीही मैल दूर गेले, तरी पासपोर्ट ब्रिटिशच राहणार होता.

सप्टेंबरमधले ध्वजारोहण या कायद्यानंतर तीन आठवड्यांच्या आत झाले, हे लक्षात घेतले पाहिजे. वाढदिवसाची भेट ही हकिकत गोड आहे, खरीही आहे. पण कायदा नागरिकत्व पाहत असेल, तर त्यातून सुटण्याची एकच वाट उरते आणि ती म्हणजे नागरिकत्व देणारे राज्यच नवे काढणे. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने ‘संक हेड’ हा शेजारचा मनोरा सुरुंगाने उडवून दिला होता. रफ्सवर ध्वज चढवणे ही हौस होती, तशीच ती ‘इथे माणसे आहेत’ अशी सूचनाही होती.

यातला विरोधाभास असा की प्रसारणाची सामग्री असूनही रफ्स टॉवरवरून बेट्स यांचा रेडिओ कधीच सुरू झाला नाही. ज्या रेडिओसाठी हा सारा खटाटोप, तो मागे पडला आणि ध्वजावरच्या काळ्या त्रिकोणात तेवढा उरला.

हेच तीन रंग इतरत्र काय काय सांगतात, हेही पाहण्यासारखे आहे. काळा, पांढरा, लाल हे १८७१ नंतरच्या जर्मन साम्राज्याचे रंग. १९५२ च्या क्रांतीनंतर इजिप्तने लाल, पांढरा, काळा हे रंग घेतले आणि पुढे अनेक अरब देशांनी ते उचलले. ज्या मेजर बेट्सनी जर्मनीविरुद्ध युद्ध केले, त्यांच्याच ध्वजावर कैसरच्या साम्राज्याचे रंग यावेत, हा योगायोगच म्हणायचा. रंगांना स्वतःचा अर्थ नसतो. तो फडकवणाऱ्याकडून येतो आणि पाहणाऱ्याला पटला तरच टिकतो.

या ध्वजाची पहिली कसोटी लवकरच लागली. १९६८ मध्ये मनोऱ्याजवळ आलेल्या जहाजाच्या दिशेने गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून रॉय आणि त्यांचा तरुण मुलगा मायकल यांच्यावर शस्त्रास्त्र कायद्याखाली खटला चालला. चेम्सफर्डच्या न्यायालयाने निर्णय दिला की घटना ब्रिटिश हद्दीबाहेर घडली, सबब आपल्याला अधिकार नाही. सीलँडने हा निकाल आपल्या सार्वभौमत्वाचा पुरावा म्हणून मिरवला. प्रत्यक्षात न्यायालयाने ‘हे आमचे क्षेत्र नाही’ एवढेच म्हटले होते. ‘हे तुमचे राज्य आहे’ असे नव्हे. या दोन वाक्यांमधल्या फटीत सीलँड आजतागायत राहत आले आहे.

त्या काळी समुद्रात असे ध्वज आणखीही उभे राहिले. १ मे १९६८ रोजी इटलीच्या रिमिनी शहरासमोर जॉर्जो रोझा या अभियंत्याने बांधलेल्या मंचावर ‘रोझ आयलंड’ प्रजासत्ताक जाहीर झाले. भाषा एस्पेरांतो, ध्वज नारिंगी, त्यावर तीन गुलाब. निर्मात्याचे आडनावच रोझा, म्हणजे गुलाब; इथेही ध्वजावर संस्थापकच बसलेला. दोन महिन्यांच्या आत इटालियन पोलिसांनी मंच ताब्यात घेतला आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये सुरुंग व वादळ यांनी मिळून तो समुद्रात घातला.

१९७२ मध्ये प्रशांत महासागरातील मिनर्व्हा प्रवाळखडकांवर वाळू ओतून मायकल ऑलिव्हर या अमेरिकी व्यावसायिकाच्या पुढाकाराने ‘मिनर्व्हा प्रजासत्ताक’ स्थापन झाले. निळ्या ध्वजावर सोनेरी मशाल होती. त्याच वर्षी टोंगाचे राजे चौथे तौफाआहाउ तुपोउ स्वतः मोहीम घेऊन तिथे पोहोचले. मशाल उतरली, टोंगाचा ध्वज चढला, प्रकरण मिटले.

सीलँडवर मात्र हल्ला आला तो कुठल्या राष्ट्राकडून नव्हे, तर स्वतःच्या ‘पंतप्रधाना’कडून! ऑगस्ट १९७८ मध्ये, रॉय आणि जोन बाहेर असताना, अलेक्झांडर आखेनबाख या जर्मन व्यावसायिकाच्या भाडोत्री माणसांनी मनोरा ताब्यात घेतला आणि मायकलला ओलीस धरले. बेट्स यांनी हेलिकॉप्टरने येऊन तो परत मिळवला. पकडलेल्यांपैकी एका जर्मन वकिलाकडे सीलँडचा पासपोर्ट होता. त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवून त्याला डांबण्यात आले. हा आरोप विनोदी वाटतो खरा, पण बेट्स यांच्या दृष्टीने तो तर्कशुद्ध होता : ज्याने ध्वजाची निष्ठा स्वीकारली, त्यालाच देशद्रोही म्हणता येते.

जर्मनीने लंडनमधील आपल्या वकिलातीतून एक अधिकारी बोलणी करण्यासाठी मनोऱ्यावर धाडला. वकील सुटला. राजनैतिक अधिकारी आपल्या ध्वजाखाली येऊन वाटाघाटी करून गेला, म्हणजे जर्मनीने मान्यता दिली, असा सीलँडचा दावा. जर्मनीने तो कधी मानला नाही. उलट त्याच वर्षी कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने म्हटले होते की माणसाने बांधलेला मंच म्हणजे भूप्रदेश नव्हे, आणि त्यावर राहणारे मूठभर लोक म्हणजे प्रजा नव्हे.

यानंतर ध्वजाची खरी सागरी परीक्षा झाली, तीही अटलांटिकच्या पलीकडे. १९८७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात ‘सारा’ नावाच्या जहाजावरून काही रेडिओवेड्यांनी विनापरवाना केंद्र चालवले. अमेरिकी तटरक्षक दलाने ते बंद पाडले. पुढच्या प्रयत्नात, १९८८ मध्ये, त्यांनी जहाजावर सीलँडचा ध्वज लावला. वीस वर्षांपूर्वी ज्या कामातून हा ध्वज जन्मला, त्याच कामावर तो आता निघाला होता.

भर समुद्रातील जहाजाला कुठल्या तरी राष्ट्राचे नागरिकत्व असावे लागते आणि ध्वज हे त्याचे चिन्ह, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ध्वजराष्ट्र जहाजाला संरक्षण देते. पण ते राष्ट्र इतरांनी राष्ट्र मानले तरच. नाही तर जहाज राष्ट्रहीन ठरते, आणि राष्ट्रहीन जहाजावर कोणत्याही देशाची युद्धनौका चढू शकते. अमेरिकेच्या लेखी सीलँड अस्तित्वातच नव्हते. तेथील संघीय न्यायालयाने प्रसारणास मनाई केली. जहाजाच्या काठीवर लाल, पांढरे, काळे कापड होते. कायद्याच्या दृष्टीने ती काठी रिकामी होती.

ब्रिटननेही १९८७ मध्येच आपली सागरी हद्द तीनवरून बारा सागरी मैल केली. रफ्स टॉवर त्या कक्षेत आला. सीलँडने आपलीही हद्द बारा मैल असल्याचे घोषित केले. ब्रिटनने मनोऱ्यावर माणसे मात्र पाठवली नाहीत. ध्वज उतरवला असता, तर कदाचित आधी तो होता हे मान्य करावे लागले असते.

पुढचा वापर बराचसा बाजारी आहे : नाणी, टपाल तिकिटे, पैसे भरून मिळणारे सरदारकीचे किताब आणि अर्थातच घरपोच येणारा ध्वज. २००६ मध्ये जनरेटरला लागलेल्या आगीने मनोऱ्याचे मोठे नुकसान झाले. डागडुजीनंतर ध्वज पुन्हा चढला. यात हसण्यासारखे बरेच आहे. पण मे २०१२ मधला एक फुटबॉल सामना हसू थांबवतो.

त्या दिवशी इंग्लंडमध्ये सीलँडचा संघ चागोस बेटांच्या संघाशी खेळला. चागोस हा हिंदी महासागरातील द्वीपसमूह. डिएगो गार्सियावरील अमेरिकी लष्करी तळासाठी ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात तेथील संपूर्ण लोकवस्ती हलवली. त्यांना मॉरिशस आणि सेशेल्स येथे नेऊन सोडले. पुढे त्यांपैकी अनेक जण इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. मैदानात एका बाजूला मनोरा असलेले पण लोक नसलेले राज्य होते. दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची बेटे असूनही त्यांवर पाय ठेवू न शकणारे लोक. ज्या वर्षांत ब्रिटनने एका कुटुंबाला काँक्रीटच्या मंचावरून हलवले नाही, त्याच वर्षांत त्याने एक आख्खी वस्ती तिच्या बेटांवरून उठवली होती. सामना चागोसने ३-१ ने जिंकला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रॉय बेट्स यांचे निधन झाले आणि गादी मायकलकडे आली. ध्वजातला लाल रंग तसाच राहिला. पुढच्या वर्षी, मे २०१३ मध्ये, केंटन कूल या ब्रिटिश गिर्यारोहकाने तो ध्वज एव्हरेस्टच्या माथ्यावर नेला. शिखराच्या एका अंगाला नेपाळ, दुसऱ्या अंगाला चीन. दोघांच्याही लेखी तो कुठल्याच देशाचा नव्हता.