अडखळणारें एंजिन

मोटारीचें एंजिन अडखळूं लागलें म्हणजे दोष कोठें आहे हें ओळखण्याची विद्या एंजिनाइतकीच जुनी आहे. हवा व पेट्रोल यांचें मिश्रण योग्य प्रमाणांत यावें, दट्ट्यानें तें पुरेसें दाबलें जावें आणि नेमक्या क्षणीं ठिणगी पडावी, या तीन गोष्टींवर एंजिनाचा प्रत्येक ठोका अवलंबून असतो. यांपैकीं एक जरी चुकली तरी तो ठोका फुकट जातो. 'गाडी मिसिंग मारते' असें कारागीर म्हणतात तें यालाच.

प्रारंभीं सर्वांत बेभरंवशाची होती ती ठिणगी. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत १९०२ सालीं गोटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. पुढें १९१० च्या सुमारास अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं बॅटरीवर चालणारी योजना काढली. कॉइल, पॉइंट व डिस्ट्रिब्यूटर यांची ही रचना अनेक दशकें टिकली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या पद्मिनी गाडींतहि तीच होती.

त्या काळची परीक्षेची रीत साधी पण तर्कशुद्ध होती. चालत्या एंजिनाच्या प्लगांच्या वायरी एकामागून एक काढावयाच्या. वायर काढतांच आवाज उतरला तर तो सिलिंडर कामांत होता. कांहींच फरक पडला नाहीं तर दोष तेथेंच. मग तेथील प्लग शेजारच्या सिलिंडरांत बसवावयाचा. दोष प्लगाबरोबर सरकला तर प्लग वाईट. न सरकला तर शोध पुढें चाले. प्लगाचा रंगहि साक्ष देई. फिकट तपकिरी रंग म्हणजे ज्वलन ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक, तेलकट थर म्हणजे बहुधा झिजलेल्या रिंगा.

परंतु प्रत्येक अडखळ ठिणगीची नसे. नागपूरहून निघालेल्या रस्त्याला बुटीबोरीजवळ वर्धा व हैदराबाद अशा दोन वाटा फुटतात. अशा रस्त्यांवर वैशाखाच्या उन्हांत एंजिनाला जोडलेला पंप तापे, पेट्रोलाची नळींतच वाफ होई आणि गाडी धापा टाकीत थांबे. पंपावर ओलें फडकें ठेवून थोडा वेळ थांबलें कीं ती पुन्हां चाले. त्या वेळीं प्लग बदलणें म्हणजे व्यर्थ खर्च. ॲक्सिलरेटर दाबतांच गाडी क्षणभर कचरली, तर कार्बोरेटरमधील पेट्रोलाची जादा पिचकारी मारणारा छोटा पंप पाहावा लागे.

भारत स्टेज चारच्या मानकांखालीं एप्रिल २०१३ पासून नव्या मोटारींना चुकलेला ठोका स्वतः नोंदविणारी व्यवस्था सक्तीची झाली. ठोका चुकला कीं क्रँकची गति किंचित् मंदावते. संगणक तें मोजतो आणि दुसऱ्या सिलिंडरासाठीं 'पी ०३०२' असा संकेत ठेवतो. ही केवळ सोय नव्हे. न जळलेलें पेट्रोल धुराच्या मार्गांतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जळलें तर तो वितळूं शकतो. म्हणून एंजिनाचा दिवा लुकलुकूं लागल्यास वेग तत्काळ कमी करणेंच इष्ट.

तथापि संकेत सिलिंडर दाखवितो, कारण दाखवीत नाहीं. आजच्या एंजिनांत चालू असतां वायर उपटणें धोक्याचें आहे. पण एंजिन बंद करून दोन सिलिंडरांच्या कॉइलांची अदलाबदल करावी आणि संकेत कोठें जातो तें पाहावें, ही जुनीच रीत आहे. जो ती न करतां संकेत पाहूनच भाग बदलतो, त्याच्या चुकीचा भुर्दंड गाडीच्या मालकाला पडतो.