करड्या छटांचा लोप : तीव्र कॉन्ट्रास्टच्या व्यक्तिचित्राचा इतिहास आणि छायाचित्रकाराचे श्रेय

प्रस्तावना

छायाचित्र-संपादनाच्या संगणकीय आज्ञावलीत एखाद्या व्यक्तीचे छायाचित्र उघडून ‘थ्रेशोल्ड’ ही आज्ञा दिली असता त्यातील सर्व करड्या छटा क्षणार्धात नाहीशा होतात. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा उजळ असलेला प्रत्येक बिंदू पांढरा होतो आणि उर्वरित सर्व बिंदू काळे होतात. ‘पोस्टराइज’ ही आज्ञा दिल्यास दोनांऐवजी तीन-चार सपाट छटा शिल्लक राहतात. गालावरची उतरती सावली, पाठीमागची भिंत, त्या क्षणीचा उजेड हे सारे गळून पडते. उरतात ते डोळे, भुवया, केसांची रेषा आणि हनुवटीची कड. माणूस मात्र ओळखू येतो. किंबहुना मूळ छायाचित्रापेक्षा अधिक लवकर ओळखू येतो.

ही किमया संगणकाने जन्माला घातली असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिची मुळे छापखाना आणि डार्करूम यांत आहेत. प्रस्तुत लेखात या शैलीच्या वाटचालीचा मागोवा घेतला असून, करड्या छटांबरोबर मूळ छायाचित्रकाराचे नावही कसे पुसले गेले, या प्रश्नाचा विशेष विचार केला आहे.

छापखान्याची निकड

छपाईच्या यंत्राला करडा रंग ठाऊक नसतो. ठशावर शाई असते किंवा नसते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वृत्तपत्रांत छायाचित्र थेट छापणे दुष्कर होते; कोरक्या कारागिराकडून त्याची रेखाकृती करवून घ्यावी लागे. १८८०च्या दशकात हाफटोन पद्धती रुळू लागली. तिच्यात छायाचित्र जाळीतून घेऊन लहान-मोठ्या ठिपक्यांत फोडले जाते आणि वाचकाच्या डोळ्याला करड्या छटेचा भास होतो. मराठी मुद्रकांच्या परिचयाचे ‘लाइन ब्लॉक’ आणि ‘हाफटोन ब्लॉक’ हे दोन शब्द याच भेदातून आले. रेषांच्या चित्रासाठी पहिला, छायाचित्रासाठी दुसरा.

लाइन ब्लॉकसाठी आणि पुढे ऑफसेट छपाईसाठी जी लिथ फिल्म वापरली जाई, ती मुळातच मधल्या छटा न टिपणारी होती. अक्षरे आणि रेषा स्वच्छ उतराव्यात, एवढाच तिचा उद्देश. परंतु अशा फिल्मवर रेखाचित्राऐवजी माणसाचा चेहरा उतरवला तर काय होते, हे डार्करूममध्ये काम करणाऱ्यांच्या ध्यानात आले. एकाच चेहऱ्याच्या कमी-अधिक प्रकाशमात्रेच्या तीन-चार लिथ निगेटिव्ह करायच्या, त्या अचूक एकमेकींवर जुळवून क्रमाने छापायच्या, म्हणजे सपाट छटांचे व्यक्तिचित्र तयार होई. एका चित्रासाठी कित्येक तास खर्ची पडत. स्क्रीन प्रिंटिंगमध्येही हीच अट होती, कारण कापडाच्या जाळीतून शाई जाते किंवा अडते. थोडक्यात, ही शैली आधी निकड होती. अभिरुची नंतर झाली.

ते श्रेय मोठ्या प्रमाणावर अँडी वॉरहॉल यांच्याकडे जाते. ऑगस्ट १९६२ मध्ये मेरिलिन मन्रो यांचे निधन झाल्यानंतर वॉरहॉल यांनी ‘नायगारा’ या १९५३च्या चित्रपटाचे एक प्रसिद्धी-छायाचित्र घेतले, ते तीव्र कॉन्ट्रास्टमध्ये रेशमी जाळीवर उतरवले आणि त्याखाली भडक, सपाट रंग भरले. स्वस्त जाहिरात-छपाईचे दोष त्यांनी जाणीवपूर्वक कलेचे गुण म्हणून मांडले. हे चित्र वॉरहॉल यांचे म्हणून जगभर ओळखले जाते; ज्याने कॅमेरा हाती धरला होता त्याचे नाव अभ्यासकांखेरीज फारसे कोणी घेत नाही.

हवाना, ५ मार्च १९६०

या विस्मरणाचे सर्वांत बोलके उदाहरण क्यूबातील आहे. ४ मार्च १९६० रोजी हवानाच्या बंदरात ‘ला कूब्र’ या शस्त्रास्त्रे घेऊन आलेल्या फ्रेंच जहाजावर भीषण स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी मृतांसाठी शोकसभा झाली. ‘रेव्होलुसिओन’ या दैनिकासाठी काम करणारे अल्बेर्तो कोर्दा तेथे लायका कॅमेरा आणि ९० मिलिमीटरची लेन्स घेऊन उपस्थित होते. चे गेव्हारा क्षणभर व्यासपीठाच्या कडेला आले तेव्हा कोर्दा यांनी त्यांची एक आडवी आणि एक उभी अशी दोन छायाचित्रे टिपली. आडव्या चौकटीत एका बाजूस दुसऱ्या माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूस ताडाची पाने होती. कोर्दा यांनी ती दोन्ही कातरली. दैनिकाने ते छायाचित्र त्या वेळी छापले नाही. ते त्यांच्या स्टुडिओच्या भिंतीवर राहिले.

पहिली वजाबाकी अशी खुद्द छायाचित्रकारानेच केली. १९६७ मध्ये इटालियन प्रकाशक जानजाकोमो फेल्त्रिनेल्ली यांनी कोर्दा यांच्याकडून त्याच्या प्रती नेल्या. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला बोलिव्हियात चे यांची हत्या झाली आणि त्या चेहऱ्याची भित्तिपत्रके युरोपभर झळकली. १९६८ मध्ये आयरिश चित्रकार जिम फिट्झपॅट्रिक यांनी तो चेहरा काळ्या व तांबड्या सपाट रंगांत नव्याने रेखाटला. डोळ्यांची नजर किंचित वर उचलली आणि खांद्यावर आपल्या आडनावाचे आद्याक्षर उलटे करून दडवले. भित्तिपत्रक त्यांनी मुक्तपणे वाटले.

मूळ छायाचित्रात शोक आहे, थंडीत वर ओढलेली जाकिटाची कॉलर आहे, नुकत्याच घडलेल्या दुर्घटनेची छाया आहे. दोन रंगांच्या आवृत्तीत या साऱ्याची जागा निव्वळ निर्धाराने घेतली. प्रसंग गेला म्हणूनच तो चेहरा कोणत्याही प्रसंगी चालू लागला. पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या मोर्चात आणि पुढे टी-शर्टावरही. कोर्दा यांना त्यातून मानधन मिळाले नाही. राजकीय वापराला त्यांची हरकतही नव्हती. परंतु एका व्होडकाच्या जाहिरातीत तो चेहरा आला तेव्हा २००० साली त्यांनी लंडनमध्ये दावा लावला. तडजोडीत मिळालेली ५०,००० डॉलरची रक्कम त्यांनी क्यूबाच्या आरोग्यसेवेला दिली. त्यानंतरच्याच वर्षी त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. छायाचित्र टिपल्यानंतर चाळीस वर्षांनी मिळालेले हे श्रेय होते.

आज्ञावलीचा उगम

छायाचित्र-संपादनातील सर्वाधिक प्रचलित आज्ञावलीचा, म्हणजे फोटोशॉपचा, उगम या संदर्भात मोठा अर्थपूर्ण आहे. १९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधक-विद्यार्थी थॉमस नोल यांच्याकडे मॅकिंटॉश प्लस संगणक होता. त्याच्या पडद्यावर बिंदू काळा किंवा पांढराच दिसू शकत असे. अशा पडद्यावर करड्या छटांचा भास कसा निर्माण करावा, यासाठी त्यांनी एक छोटी आज्ञावली लिहिली. हाफटोनच्या जनकांपुढे जो प्रश्न होता तोच शंभर वर्षांनी नव्या यंत्रापुढे उभा राहिला होता. चित्रपटांच्या दृश्य-करामतींच्या क्षेत्रात काम करणारे त्यांचे बंधू जॉन नोल यांनी तिचा विस्तार सुचवला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबी कंपनीने ती बाजारात आणली. करड्या छटा मिळवण्यासाठी जन्मलेली आज्ञावली पुढे त्या घालवण्यासाठी वापरली जावी, हा इतिहासातील एक विनोदच म्हटला पाहिजे.

तिच्यातील अनेक साधनांची नावे डार्करूमची आहेत. ‘डॉज’ आणि ‘बर्न’ म्हणजे कागदावर प्रकाश अडवणे किंवा अधिक पाडणे; ‘अनशार्प मास्क’ म्हणजे निगेटिव्हवर तिचीच अस्पष्ट पॉझिटिव्ह ठेवून कडा उठावदार करणे. १९९४च्या आवृत्तीत ‘लेअर’ आले आणि एकमेकींवर जुळवलेल्या लिथ निगेटिव्हची जागा त्यांनी घेतली. कृती तीच राहिली, श्रम मात्र संपले. श्रम होते तेव्हा करणाऱ्याला मूळ छायाचित्र कोठून आणले, कोणाकडून आणले, याची निदान आठवण राही. ती अडचणही दूर झाली.

एका भित्तिपत्रकाचा खटला

जानेवारी २००८ मध्ये शेपर्ड फेअरी यांनी बराक ओबामा यांचे तांबड्या, निळ्या आणि फिकट पिवळसर सपाट छटांतील भित्तिपत्रक तयार केले. मूळ छायाचित्र एप्रिल २००६ मध्ये वॉशिंग्टन येथे मॅनी गार्सिया यांनी असोसिएटेड प्रेससाठी घेतलेले होते. भित्तिपत्रक सर्वत्र झळकत असूनही त्यामागे आपले छायाचित्र आहे हे जानेवारी २००९ पर्यंत गार्सिया यांनाही उमगले नाही. करड्या छटांचा लोप किती परिणामकारक असतो, याचा याहून सबळ पुरावा शोधण्याची गरज नाही.

फेब्रुवारी २००९ मध्ये फेअरी यांनी आपला वापर न्याय्य असल्याचे जाहीर करून घेण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. परंतु कोणते छायाचित्र वापरले याविषयी आपण चुकीची माहिती दिली आणि पुरावे नष्ट केले, अशी कबुली त्यांना त्याच वर्षी द्यावी लागली. जानेवारी २०११ मध्ये वृत्तसंस्थेशी तडजोड झाली. २०१२ मध्ये पुराव्यांच्या प्रकरणी त्यांना दोन वर्षांची परिवीक्षा आणि २५,००० डॉलर दंड झाला. मूळ कायदेशीर प्रश्न मात्र अनिर्णितच राहिला.

त्याचे उत्तर अंशतः १८ मे २०२३ रोजी मिळाले. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये गायक प्रिन्स यांचे छायाचित्र घेतले होते. १९८४ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ने ४०० डॉलर देऊन ते चित्रकाराच्या संदर्भासाठी एकदाच वापरण्याची परवानगी घेतली. चित्रकार होते वॉरहॉल आणि त्यांनी त्यावरून एक नव्हे, सोळा कलाकृती केल्या. २०१६ मध्ये प्रिन्स यांच्या निधनानंतर त्यांपैकी एक कलाकृती मासिकाच्या विशेषांकावर छापली गेली; वॉरहॉल प्रतिष्ठानला १०,००० डॉलर मिळाले, गोल्डस्मिथ यांना ना मोबदला ना श्रेय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने कौल दिला. दोन्ही चित्रांचा त्या वेळचा व्यापारी उपयोग एकच होता, यावर बहुमताने भर दिला. अशा निर्णयाने कलानिर्मितीचा श्वास कोंडेल, असे न्यायमूर्ती एलेना केगन यांनी भिन्नमतात नोंदवले. ही भीती अगदीच निराधार नाही. तथापि ४०० आणि १०,००० या दोन आकड्यांतील अंतर पाहता बहुमताचा निर्णय अधिक ग्राह्य वाटतो.

भारतीय कायद्याच्या संदर्भात

महाराष्ट्रात वाहनांच्या मागील काचेवर नेत्यांचे जे एकरंगी चेहरे दिसतात, ते व्हिनाइलच्या पत्र्यातून यंत्राने कापलेले असतात. कापणाऱ्या पात्यालाही करडी छटा कळत नाही; लाइन ब्लॉकचीच अट येथे नव्या रूपात दिसते. त्यांपैकी जे चेहरे छायाचित्रांवरून घेतलेले असतात, त्यांच्या छायाचित्रकाराची विचारणा सहसा होत नाही.

१९५७च्या भारतीय कॉपीराइट अधिनियमानुसार छायाचित्र घेणारी व्यक्ती हीच त्याची कर्ता असते. पूर्वी छायाचित्राचे संरक्षण प्रकाशनापासून साठ वर्षे होते. २०१२च्या दुरुस्तीने ती तरतूद वगळली आणि कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे ही इतर कलाकृतींची मुदत छायाचित्रांनाही लागू झाली. मात्र मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, ते काढवून घेणारा असतो. म्हणजे स्टुडिओतील छायाचित्रकाराकडे मालकी बहुधा राहतच नाही. त्याच्या हाती उरते ते कलम ५७. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी कर्तृत्वावर दावा सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशा फेरफारास हरकत घेण्याचा कर्त्याचा हक्क हे कलम अबाधित ठेवते. महाविद्यालयांच्या नियतकालिकांत, स्मरणिकांत आणि फलकांवर अशी व्यक्तिचित्रे नित्य छापली जातात. त्यांच्याखाली मूळ छायाचित्रकाराचे नाव देण्यास एक ओळ पुरते.